पट्टी की केबल? उंच इमारतींतल्या विजेच्या वाटेची गोष्ट

तुम्ही दम्माममध्ये, दुबईत किंवा सिंगापुरात एखाद्या उंच इमारतीत राहत असाल, तर लिफ्टशेजारचं ते कुलूपबंद अरुंद दार रोज पाहत असाल. दारावर विजेच्या धोक्याची खूण असते आणि आपण तिकडे दुर्लक्ष करतो. आजची गोष्ट त्या दारामागची आहे.

सुरुवात करू अल अझीझियापासून. मक्केत मस्जिद अल हराम आणि मीना यांच्या मधला हा भाग. हज कमिटीमार्फत जाणाऱ्या भारतीय यात्रेकरूंपैकी अनेकांचा मुक्काम इथेच असतो, त्यामुळे रत्नागिरी-रायगडपासून भिवंडी-मालेगावपर्यंत हे नाव घरोघरी ऐकलेलं असतं. इथे बहुमजली इमारतींच्या रांगा आहेत. यात्रेकरूंसाठी राखलेल्या इमारती एरवी शांत असतात आणि हजच्या आठवड्यांत प्रत्येक खोली भरते. हज उन्हाळ्यात आला की बाहेर ४५ अंश. नमाजहून परतलेली अख्खी इमारत साधारण एकाच वेळी एसी लावते. एवढी वीज तळमजल्यावरून वर न्यायची कशी?

वाटा दोन. पहिली म्हणजे तळमजल्याच्या पॅनेलमधून प्रत्येक मजल्याला स्वतंत्र केबल. दुसरी म्हणजे बसबार: धातूच्या चपट्या पेटीत बसवलेल्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या. ही पेटी शाफ्टमधून सरळ वर जाते आणि मजल्यामजल्यावर टॅप-ऑफ बॉक्स लावून तिच्यातून वीज घेतली जाते. गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या एका जाड पाइपाला प्रत्येक मजल्यावर फाटा काढतात, तसंच हे.

विक्रेते बसबारला नवं तंत्र म्हणतात. इतिहास पाहिला तर पट्टी आधीची आहे.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झालं. रस्त्याखाली लवचीक केबल नव्हती. साधारण २० फूट लांबीचे लोखंडी पाइप होते. त्यांत तांब्याच्या अर्धगोल सळ्या, सळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना गुंडाळलेला दोर, आणि उरलेल्या जागेत ओतलेलं डांबरासारखं मिश्रण. एक नळी संपली की पेटीत जोड द्यायचा आणि पुढची नळी लावायची. म्हणजे जमिनीत पुरलेला बसबारच.

गंमत म्हणजे त्याच १८८२ मध्ये मुंबई नगरपालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी क्रॉफर्ड मार्केट आणि काही रस्ते विजेने उजळण्याचा करार केला. दुसऱ्याच वर्षी कंपनी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळलं. मुंबईला पुढे १९०५ मध्ये वाडीबंदरचं वीजकेंद्र मिळालं, तोवर वीस वर्षांहून अधिक काळ गेला होता.

लंडनमध्ये तरुण इंजिनिअर सेबास्टियन फेरांती याने डेप्टफर्डहून शहरात १०,००० व्होल्टने वीज आणायचं ठरवलं. एवढा दाब पेलणारी केबल बाजारात नव्हती. मग त्याने एकात एक बसवलेल्या तांब्याच्या नळ्या घेतल्या आणि दोघींच्या मध्ये मेणात भिजवलेला कागद गुंडाळला. याही २० फुटांच्याच. हिशोब करा: एका मैलाच्या एका लाइनला २६४ जोड, आणि प्रत्येक जोड रस्त्यावर बसून हाताने करायचा! तरीही १८९१ च्या सुमारास सुरू झालेल्या या लाइनचे काही भाग १९३३ पर्यंत चालले. जोड मन लावून केले तर किती टिकतात, याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही.

पण असे कारागीर दर गल्लीत मिळत नाहीत. शिशाचं आवरण असलेली कागदी केबल आली, ड्रमवरून उलगडत वळणावळणाने जाऊ लागली, जोड कमी झाले आणि पट्टी मागे पडली. वीजकेंद्रांच्या आणि पॅनेलच्या आतच काय ती उरली.

ती बाहेर आली कारखान्यांमुळे. आपल्या मुंबईच्या गिरण्या आठवा. कोळशावरचं एक इंजिन, त्याने फिरणारा छताखालचा लांबच लांब शाफ्ट, आणि जिथे माग असेल तिथे शाफ्टवरून उतरवलेला पट्टा. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत आली आणि गिरण्यांत इंजिनाची जागा मोटारी घेऊ लागल्या. जगभर हेच घडत होतं. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली, पण यंत्र हलवलं की तारा पुन्हा ओढा! १९३० च्या सुमारास डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांनी यावर उपाय मागितला, आणि छताखालून जाणारा, हवी तिथे जोडणी देणारा बसबार आला. मला तर तो गिरणीच्या शाफ्टचाच वारस वाटतो. आज लोअर परळला गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत, आणि आडवा शाफ्ट जणू तिथेच उभा राहिला आहे.

जाता जाता, मी आयटीतला, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: बसबारमधला ‘बस’ हा लॅटिन ‘ऑम्निबस’चा तुकडा, अर्थ ‘सर्वांसाठी’. रस्त्यावरची बसही तिथूनच आली. कॉम्प्युटरवाल्यांनी हा शब्द वीजवाल्यांकडून उचलला. तुमच्या फोनच्या चार्जरवरच्या ‘यूएसबी’तला ‘बी’ तोच.

आता हिशोबाकडे. २० मजले, प्रत्येक ३ मीटरचा. मजल्यागणिक वेगळी केबल टाकली तर ३ अधिक ६ अधिक ९ असं करत ६० पर्यंत, एकूण ६३० मीटर. बसबार फक्त ६० मीटर. अर्थात पट्टीला सगळ्या मजल्यांचा भार वाहायचा असल्याने ती जाड लागते. लांबी दहा पटींनी घटली म्हणून धातू तितका घटत नाही. खरा फायदा जागेचा आणि उष्णतेचा. एकत्र बांधलेल्या केबली एकमेकींना तापवतात, म्हणून त्यांची क्षमता कमी धरावी लागते. शिवाय आग लागली तर पीव्हीसीचं आवरण घुसमटवणारा धूर सोडतं आणि शाफ्ट धुराड्यासारखा वागतो.

मात्र बसबारची बचत एका गृहीतकावर उभी असते: सगळे एकाच वेळी पूर्ण वीज वापरत नाहीत. पुण्यातल्या सोसायटीत हे खरं आहे. एक घर ऑफिसला गेलेलं, एक गावी, एकाचा एसी बंद. म्हणून पट्टी सर्व घरांच्या बेरजेपेक्षा बरीच बारीक घेता येते. अल अझीझियात हजच्या दिवसांत हे गृहीतक कोसळतं. पुण्याचं गणित तिथे जसंच्या तसं नेलं, तर पट्टी नेमकी इमारत गच्च भरलेली असताना तापेल. त्यात महिनोन् महिने थंड पडून राहणं आणि मग एकदम पूर्ण भार: धातू प्रसरण पावतो, आकुंचन पावतो, आणि बोल्ट सैल व्हायला हेच पुरतं. सैल जोड तापतो, तापलेला आणखी सैल होतो.

सौदीत राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ओळखीची वाटेल. जुन्या फ्लॅटमध्ये दोन दाबांचे प्लग असतात, आणि भारतातून आणलेला मिक्सर चुकीच्या प्लगला लावला की तो नुसता कण्हतो. तिथली जुनी पद्धत १२७/२२० व्होल्टची. २०१० मध्ये सरकारने टप्प्याटप्प्याने २३०/४०० वर जायचं ठरवलं. तेवढ्याच कामासाठी प्रवाह साधारण ५५ टक्क्यांवर येतो, त्यामुळे नव्या इमारतीत केबल असो वा पट्टी, बारीक चालते.

मग निवड काय? माझं मत विचाराल तर सात-आठ मजल्यांपर्यंत केबलच बरी. एका मजल्याची केबल बिघडली तर एकच मजला अंधारात जातो. पट्टी बिघडली तर बहुधा सगळी इमारत. पाण्याचाही मुद्दा आहे. केबल अखंड असते, तर पट्टीत दर काही फुटांवर जोड असतो आणि गळतं पाणी तिथेच शिरतं. त्याहून उंच इमारतीत मात्र पट्टीला चांगला पर्याय नाही. चांगल्या पट्टीच्या जोडाला दोन डोक्यांचा बोल्ट येतो. योग्य ताण बसला की वरचं डोकं तुटून पडतं, म्हणजे पाना कोणाच्या हातात होता हा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेला निम्मा तपासणीचा.

तुमच्यापैकी अनेकांचा ठाण्यात, पुण्यात, नाशकात फ्लॅट आहे आणि सोसायटीची वार्षिक सभा ऑनलाइन असते. पुढच्या सभेत तीन गोष्टी विचारा. जोडांची थर्मल कॅमेऱ्याने तपासणी शेवटची कधी झाली, तीही भर उन्हाळ्यात भार असताना? शाफ्ट जिथे स्लॅबमधून जातो ती भोकं आग अडवणाऱ्या मसाल्याने बुजवली आहेत का? आणि त्या कुलूपबंद दारामागे झाडू, रंगाचे डबे आणि गणपतीच्या मंडपाचं सामान तर ठेवलेलं नाही ना?