रोहिणीचे पाणी आणि दुःखाचा प्रश्न

कन्हान नदी ओलांडून कामठीस आले की १९९९ साली जपानी साहाय्याने उभारलेले ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर लागते. पण या परिसरात बुद्धाचे नाव घरोघर पोहोचले ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या धर्मांतराने. डॉ. आंबेडकरांनी त्या दिवशी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगमार्गाचीही प्रतिज्ञा होती.

दुःख, त्याचे कारण, त्याचा निरोध व निरोधाचा मार्ग ही चार आर्यसत्ये सर्वश्रुत आहेत. मात्र जन्मच दुःख असेल तर मनुष्याला आशा कसली, असा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी १९५७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात उपस्थित केला. रोगी, वृद्ध व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा त्यांना पटेना. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर म्हातारा माणूस पाहिलाच नसेल काय? त्यांच्या मते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत तंटा पेटला, सिद्धार्थाने युद्धास विरोध केला व परिव्रज्या पत्करली. १९२७ साली महाडच्या तळ्यासाठी झगडलेल्या पुरुषाने हीच कथा स्वीकारावी, यात मला नवल वाटत नाही. तहानेल्याला पाणी नाकारणे हे जरामरणाचे दुःख नव्हे. ते माणसाने माणसाला दिलेले असते. परंपरागत मत मात्र तृष्णेलाच दुःखाचे मूळ मानते, आणि तृष्णात्याग म्हणजे धम्म, हे आंबेडकरांच्या ग्रंथातही आहेच.