नव्या नळीचे संस्कार

नवा तवा चुलीवर चढवण्याआधी त्याला तेल चोळून तापवतात. नवी वहाण पायात रुळायला चार दिवस लागतात. वस्तू वापरात येण्यापूर्वी तिच्यावर काही संस्कार व्हावेत, ही समजूत आपल्या परिचयाची आहे. रायफलीच्या नव्या नळीबाबत अमेरिकेतील नेमबाजांमध्ये अशीच एक प्रथा आहे. एक गोळी झाडायची, गजाने नळी साफ करायची, पुन्हा एक झाडायची, पुन्हा साफ करायची. असे दहा-वीस वेळा. हा खटाटोप सार्थ आहे काय? प्रश्न वरकरणी तांत्रिक आहे. आमच्या मते तो इतिहासाचाही आहे.

१८८२ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये एदुआर्द रुबिन यांनी शिशाच्या गोळीवर तांब्याचे वेष्टन चढवले. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएई यांनी धूरविरहित दारू सिद्ध केली. वेष्टित गोळी आणि नवी दारू १८८६ च्या लबेल रायफलीत एकत्र आली. गोळीचा वेग वाढला, तसा नळीतला मळही पालटला. तांबे-निकेलच्या वेष्टनाचे कीट पोलादाला असे घट्ट धरे, की ते सोडवण्यासाठी अमोनियाची तीव्र द्रावणे लागत. शिवाय दारू पेटवणाऱ्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेट जळून मागे क्षार उरे. तो हवेतील ओल शोषून नळी गंजवी. त्या काळी साफसफाईत हयगय करणे म्हणजे नळी गमावणेच होते. १९२० च्या दशकात कमी कीट धरणारी वेष्टने आणि न गंजवणाऱ्या टोप्या येऊ लागल्या. कारण हळूहळू ओसरले. शिस्त मात्र टिकली.

आजच्या प्रथेचे समर्थक निराळे कारण देतात, आणि ते तर्कशुद्ध आहे. काडतूस बसण्याची जागा कोरताना रीमर नावाचे हत्यार नळीच्या घशाशी आडवे ओरखडे ठेवते. गोळी त्यांवरून जाताना तिचे तांबे खरवडले जाते आणि पुढे नळीत चिकटते. तांब्याचा थर ओरखड्यांवर साचला तर ते झिजणार नाहीत, म्हणून दर गोळीनंतर तो काढावा, असे हे म्हणणे. क्रीगर यांच्यासारखे नामांकित नळीकार हेच सांगतात. आतून हाताने घासून गुळगुळीत केलेल्या नळीतही घसा नंतरच कोरला जातो, हेही ते लक्षात आणून देतात.

विरुद्ध बाजूला गेल मॅकमिलन हे तितकेच जाणते नळीकार. त्यांच्या मते ही प्रथा एका नळीकाराने अधिक नळ्या खपाव्यात म्हणून रुजवली. आरोप बोचरा आहे, पण त्यामागचा हिशेब साधा आहे. जोरदार काडतुसांच्या नळीची अचूकता काही हजार गोळ्यांतच ओसरते. संस्कारासाठी झाडलेली प्रत्येक गोळी त्याच आयुष्यातून वजा होते. निष्काळजीपणे फिरवलेला गजही नळीला इजा करतो.

मग निर्णय कसा करावा? येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीची अडचण भेटते. एकाच नळीला दोन बालपणे देता येत नाहीत. संस्कार केलेली नळी उत्तम निघाली, तर संस्काराविना ती कशी निघाली असती, हे कोण सांगणार? त्यासाठी एकाच घडणीच्या अनेक नळ्या घेऊन निम्म्यांवर संस्कार करावेत, निम्म्यांवर करू नयेत, आणि साऱ्या झिजेपर्यंत झाडाव्यात. एवढा खर्च एकट्या नेमबाजाला परवडणारा नाही. म्हणून दोन्ही पक्षांकडे अनुभव विपुल आहे, पुरावा अल्प.

आम्हाला दिसते ते असे : पहिल्या गोळीपूर्वी कारखान्यातील तेल व कचरा काढणे शहाणपणाचे आहे. सुरुवातीच्या काही गोळ्यांनंतर तांबे किती साचते ते पाहावे. साचत नसेल तर थांबावे. ओरखडे दाहक वायूंनी आणि गोळ्यांच्या घर्षणाने पुढे झिजणारच आहेत. मोजून वीस वेळा गज फिरवण्याला मात्र आधार सापडत नाही. परंपरा तपासताना ती खरी की खोटी, एवढेच विचारून भागत नाही; ती कोणत्या गरजेतून आली आणि ती गरज आज नळीत उरली आहे काय, हेही पाहावे लागते.