आठ आणे, चौदा इंजेक्शने आणि दहा दिवस

बजबजच्या इतिहासावर लिहायचे म्हटले की आपल्या स्मरणिकेत दोन विषय ठरलेले. एक म्हणजे फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद इथे बोटीतून उतरले आणि रेल्वेने सियालदाला गेले. दुसरा, सप्टेंबर १९१४ मध्ये कोमागाता मारूच्या प्रवाशांवर इथे गोळीबार झाला. दोन्हींवर आपल्यातल्या जाणकारांनी माझ्यापेक्षा कितीतरी चांगले लिहिले आहे. म्हणून यंदा संपादकांनी माझ्यामागे लकडा लावला तेव्हा मी म्हटले, मी कुत्र्यांवर लिहितो. ते हसले. २०२३ च्या गणपतीत काय झाले ते ज्यांना ठाऊक आहे ते मात्र हसले नाहीत.

आधी माझी स्वतःची ओळख सांगतो. १९६७ साली मी नऊ वर्षांचा होतो. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी एका संध्याकाळी पिसाळलेले कुत्रे वेशीतून आत शिरले आणि माझ्या पोटरीला चावले. आजीने रिवाजाप्रमाणे जखमेत तिखट भरले. त्या आगीची आठवण आजही झाली की पाय आखडतो. दुसऱ्या दिवशी वडील मला एस.टी.ने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, आणि मग रोज एक याप्रमाणे चौदा दिवस बेंबीच्या आजूबाजूला इंजेक्शने. पोट टणक व्हायचे, शर्टाचा स्पर्श सहन व्हायचा नाही. कंपाउंडर रोज म्हणायचा, "बाळ, आज शेवटचं." चौदाव्या दिवशी ते खरे निघाले!

त्याच संध्याकाळी त्याच कुत्र्याने माझ्या वर्गातल्या एका मुलाला ओरबाडले होते. चावा नव्हता, नुसता ओरखडा. माझी इंजेक्शने पाहून त्याने घरी काही सांगितलेच नाही. दोन महिन्यांनी तो तापाने पडला. त्याच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तो किंचाळला. पुढचे मी लिहीत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या गावी असे एखादे घर असेल.

हा रोग नवा नाही. सुश्रुतसंहितेत 'जलत्रास' हा शब्द आहे, आणि पाण्याला भिऊ लागलेला रोगी वाचत नाही हेही तिथे सांगितलेले आहे. एवढ्या जुन्या ग्रंथात इतके अचूक निदान! उपायाचा पत्ता मात्र पुढे शतकानुशतके लागला नाही. सरकारांना एकच उपाय सुचे, तो म्हणजे कुत्री मारणे. त्याची एक विलक्षण हकिकत आपल्या मुंबईत घडली.

मुंबईत उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा नियम कंपनी सरकारने १८१३ साली केला होता. १८३२ मध्ये, अर्ल ऑफ क्लेअर गव्हर्नर असताना, ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवली गेली आणि प्रत्येक कुत्र्यामागे शिपायांना आठ आणे मिळू लागले. त्या काळी आठ आणे म्हणजे थोडी रक्कम नव्हे. आता शिपायाच्या जागी आपण स्वतःला कल्पून पाहावे. तोंडातून फेस गळणाऱ्या, अंगावर येणाऱ्या कुत्र्याला धरायला कोण जाणार? त्यापेक्षा ओट्यावर झोपलेले, हाक मारली की शेपूट हलवत येणारे पाळीव कुत्रे सोपे. शिपाई घरांच्या आवारातूनही कुत्री ओढून नेऊ लागले.

पारशी समाजात कुत्र्याला धर्मात स्थान आहे. माणूस गेल्यावर प्रेतासमोर कुत्रे आणण्याचा 'सगदीद' हा विधी त्यांच्यात आहे. ६ जून १८३२ हा दिवस त्यांच्या पवित्र दिवसांपैकी होता. त्या दिवशी फोर्ट भागात जमाव कुत्री मारणाऱ्या शिपायांवर चालून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद, कडकडीत हरताळ. त्यात हिंदू, जैन आणि मुसलमानही सामील झाले. छावणीकडे जाणारी रसदही लोकांनी अडवली. शेवटी लष्कर बोलवावे लागले, अटका झाल्या. पुढे जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या वजनदार शेठियांनी सरकारदरबारी रदबदली केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत असे ठरले. मुंबईतल्या पहिल्या मोठ्या दंगलींपैकी एक घडली ती कुत्र्यांवरून, हे आज कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही.

जाता जाता एक गंमत. याच्या आदल्याच वर्षी, १८३१ साली, मुंबई इलाख्यातले कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या खऱ्या रानकुत्र्याचे शास्त्रीय वर्णन लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडले आणि त्याचे मराठी नावही नोंदवले, कोळसून. विदर्भातली मंडळी त्याला कोळसुंदा म्हणतात. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, कळपाने शिकार. सांबर-चितळाला तो भारी, पण माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. तरीही इंग्रजी अमदानीत त्याला मारण्याबद्दल बक्षीस असे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण मिळेपर्यंत त्याची फार कत्तल झाली. म्हणजे जंगलातही तेच. ज्याच्यापासून धोका नाही त्याच्याच डोक्यावर इनाम!

असो. खरा उपाय निघाला तो ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये. जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेले कुत्रे चावले होते. लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली त्याला लस टोचली गेली आणि तो वाचला. तोही नऊ वर्षांचा होता हे पुढे कधीतरी वाचले तेव्हा मला त्याच्याशी काही नाते असल्यासारखे वाटले. मोठेपणी तो पाश्चर संस्थेतच पहारेकरी झाला.

पण पॅरिस आपल्यापासून किती लांब! त्या काळात हिंदुस्थानातल्या गोऱ्या सोल्जरांना कुत्रे चावले तर बोटीने पॅरिसला पाठवत. बाकीच्यांनी काय करायचे? १९०० साली कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली, १९०७ साली दक्षिणेत कुन्नूरला. बंगालच्या माणसाला कसौली म्हणजे हावड्याहून कालका मेल, तीच जी २०२१ पासून नेताजी एक्सप्रेस झाली, आणि मग पुढे डोंगर. चावलेला पाय घेऊन, घरदार सोडून तेवढा प्रवास. नंतर १९१७ मध्ये शिलाँगला आणि १९२४ मध्ये कलकत्त्यातच ट्रॉपिकल स्कूलमध्ये सोय झाली, तेव्हा कुठे इथल्या माणसाच्या आवाक्यात उपचार आला.

कसौलीच्या डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. रोगाचा विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवायचा आणि फिनॉलने तो निर्जीव करायचा. माझ्या पोटात गेलेली चौदा इंजेक्शने तीच. स्वस्त होती, देशातच बनत होती, म्हणून तिने लाखो माणसे वाचवली असतील. पण मेंदूचा अंश शरीरात गेल्याने काहींना अर्धांगासारखा त्रास होई, आणि दुखणे तर विचारूच नका. निम्म्यातच दवाखान्यात जायचे सोडणारे कितीतरी असत. ही लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता पेशींवर वाढवलेली लस दंडात देतात, चार-पाच वेळा, तीही वेगवेगळ्या दिवशी. पोटाचा काही संबंध नाही. तरीही आजसुद्धा कुत्रे चावले म्हटल्यावर लोक पोटावर हात ठेवतात! ही भीती लसीपेक्षा जास्त टिकली.

मी १९८३ साली नोकरीनिमित्त इथे ऑइल डेपोत रुजू झालो तेव्हा चटकलाच्या भोंग्यांबरोबरच कुत्र्यांची ओळख झाली. रात्रपाळी संपवून सायकलवरून परतताना चडियालच्या आसपास सात-आठ कुत्र्यांची टोळी मागे लागायची. एकटे असले तर हीच कुत्री बिचारी. अंधार आणि टोळी असली की जात बदलते. बंगाली सहकाऱ्यांनी शिकवले, "दादा, दौडाबेन ना." पळायचे नाही, सायकलवरून उतरायचे, सायकल मध्ये धरायची आणि हळू चालायचे. अजून तरी उपयोगी पडले आहे.

इथले लोक पाड्यातल्या या 'नेडी' कुत्र्यांना मासे-भात घालतात, नावे ठेवतात. आपणही काही कमी नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाजवळ कुत्रा, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणारे नामदेव. त्यामुळे 'मारून टाका' म्हणणाऱ्यांच्या आणि 'हात लावू नका' म्हणणाऱ्यांच्या भांडणात मी पडत नाही. इतिहास मात्र सांगतो की नुसते मारून कुत्री कधी संपली नाहीत. मुंबईत १८३२ नंतरही शंभर-दीडशे वर्षे महापालिका कुत्री मारतच होती, आणि कचरा आहे तोवर शेजारच्या आळीतली कुत्री रिकाम्या जागेत येतच राहिली. २००१ च्या नियमांनी नसबंदी आणि लस हा मार्ग धरला, २०२३ मध्ये ते नियम नव्याने आले. एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते सत्तर टक्के आपल्याकडे फारच थोड्या ठिकाणी झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने दोन आठवड्यांत आपला आदेश बदलला तेव्हा मला १८३२ च्या मुंबईची आठवण झाली.

आकडे थोडा धीर देणारे आहेत. २००३ च्या पाहणीत देशात वर्षाला वीस हजारांवर मृत्यू अंदाजले होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आय.सी.एम.आर.च्या अभ्यासात तो अंदाज ५,७२६ आहे. प्राण्यांचे चावे मात्र वर्षाला ९१ लाख! म्हणजे कुत्री चावायची थांबलेली नाहीत. लस वेळेवर पोहोचू लागली आहे.

सगळीकडे नाही. बंगालच्या खेड्यांत अजून 'थाला पोडा' आणि 'कला पोडा' चालते. पाठीला पितळी थाळी चिकटवून विष ओढायचे, किंवा मंतरलेले केळे खायचे. कुत्रे चावल्यावर पोटात पिल्ले होतात अशा समजुतीने आजारी पडलेल्या माणसांवर २००३ साली इथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी निबंधच लिहिला होता. हसू नये. माझ्या आजीचे तिखट काय वेगळे होते?

आता २०२३ चे. १८ सप्टेंबर, हरतालिकेचा दिवस. मंडपाचे काम चालले होते. मागच्या बाजूला उष्ट्या पत्रावळी टाकल्या होत्या, तिथे आपल्या एका सहकाऱ्याची सात वर्षांची मुलगी खेळत गेली आणि काळ्या कुत्रीने तिचा हात फोडला. गर्दी जमली. कोणी हळद आणा म्हणाले, एका शेजाऱ्याने कला पोडा करणाऱ्याचा पत्ता सांगितला. बिचारा मनापासून सांगत होता. मी त्या पोरीला उचलून नळाखाली नेले आणि कपड्याच्या साबणाने पंधरा मिनिटे हात धुतला. ती रडत होती, तिची आई माझ्यावर ओरडत होती, "काका, पुरे ना आता!" मी घड्याळ पाहत होतो. विषाणू जखमेतून नसेत जातो आणि नसेतून मेंदूकडे, त्याला आठवडे लागतात. जखमेतच जेवढा धुऊन जाईल तेवढा बरा.

जवळच्या दवाखान्यात लस मिळाली, पण खोल जखमेत भरायचे सीरम संपलेले होते. गाडी काढून रात्रीच कोलकात्याला गेलो. साडेअकराला सीरम मिळाले.

डॉक्टरांनी सांगितले, लस चालूच ठेवायची, शिवाय कुत्रीवर दहा दिवस लक्ष ठेवा. चावताना तिच्या लाळेत रोग असेल तर दहा दिवसांत ती मरतेच. तरुण मंडळींपैकी दोघेजण तिला काठीने मारायला निघाले होते. त्यांना थांबवले. ती मेली असती तर आपल्याला काही कळलेच नसते.

मग उत्सव एकीकडे आणि कुत्री एकीकडे. पाळ्या लावल्या. सकाळी कोण, आरतीनंतर कोण, रात्रपाळीवाल्यांनी येता-जाता पाहायचे. मंडपामागे दोरी बांधून मुलांना मज्जाव केला. ती खाते का, पाणी पिते का, हे एका वहीत लिहायचे. जमाखर्चाच्या वहीचीच मागची पाने वापरली. चौथ्या दिवशी ती दिसेना तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. चटकलाच्या भिंतीजवळ सापडली, दोन पिल्लांना पाजत होती. चावली का, तेही तेव्हाच समजले.

तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पोरीला लस झाली. अनंत चतुर्दशीला, २८ सप्टेंबरला, मिरवणूक निघायच्या आधी तिच्या वडिलांनी मंडपामागे जाऊन मसालेभाताची पत्रावळ लांबूनच ठेवली. कुत्री आली, सगळे चाटूनपुसून खाल्ले आणि शेजारच्या बादलीतले पाणी प्यायली. वहीत शेवटची नोंद माझ्या अक्षरात आहे : "दिवस दहावा. जेवली. पाणी प्यायली."

वही खजिनदारांकडे आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी मागावी.