गंगाजळ घेऊन गेलेली बोट

जयपूरच्या राजवाड्यातील दिवाण-इ-खासमध्ये, म्हणजे ज्याला तेथे सर्वतोभद्र असे सुंदर संस्कृत नाव आहे त्या गुलाबी मंडपात, रुप्याचे दोन प्रचंड रांजण ठेवलेले आहेत. उंची सव्वापाच फूट. पोट असे की दोन माणसांनी हात पसरले तरी कवेत मावू नये. जगातील रुप्याच्या सर्वांत मोठ्या वस्तू म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथात त्यांची नोंद झालेली आहे, आणि प्रवासी त्यांच्यापुढे उभे राहतात ते बहुधा या विक्रमाच्या कौतुकानेच. परंतु या रांजणांना तेथील लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव अधिक बोलके आहे. ते नाव म्हणजे 'गंगाजळी'. मराठीत गंगाजळी म्हणजे राखून ठेवलेला द्रव्यसंचय. जयपूरच्या या गंगाजळीत मात्र खरोखरीचे गंगाजळ भरले गेले, आणि ते एका बोटीवर चढून विलायतेपर्यंत जाऊन आले. त्या बोटीचे नाव 'ऑलिंपिया'.

१९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणाचा समारंभ लंडनला व्हावयाचा होता, आणि त्याचे निमंत्रण जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह यांना आले. जयपूरचा आणि एडवर्डचा संबंध जुना होता. १८७६ साली युवराज म्हणून तो जयपूरला आला तेव्हा माधोसिंहांचे दत्तक पिते महाराज रामसिंह यांनी त्याच्या स्वागतासाठी शहर रंगवून काढले. जयपूरला लागलेला गुलाबी रंग तो हाच. आल्बर्ट हॉलची कोनशिलाही त्याच भेटीत युवराजाच्या हातून बसली. तोच युवराज आता सार्वभौम झाला होता, आणि मांडलिक संस्थानिकाला त्याचे निमंत्रण हे केवळ निमंत्रण नव्हते. नकार देणे अवघड होते. होकार देणे त्याहून अवघड.

कारण आड येत होता समुद्र. बौधायनाने आपल्या धर्मसूत्रात समुद्रसंयान हे पतनीय कर्मांत गणले आहे. आणि गंमत अशी की त्याच ग्रंथात उत्तरेकडील लोकांच्या विशेष आचारांत समुद्रप्रवासाचाही उल्लेख आहे. म्हणजे निषेध होता, तसेच निषेध मोडणारेही होते. पुढे बृहन्नारदीय पुराणाने समुद्रयात्रेला कलिवर्ज्यांच्या यादीत बसविले, आणि नंतरच्या निबंधकारांनी तो निषेध अधिकाधिक घट्ट केला. महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या कलिवर्ज्यांची जी चिकित्सा केली आहे ती पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते : एके काळी चालत असलेले आचार पुढे बंद पाडण्यासाठी ही यादी वाढत गेली. प्रत्यक्ष व्यवहार मात्र निरनिराळ्या वाटांनी चालूच राहिला. शिवाजी महाराज १६६५ साली स्वतः जहाजात बसून बसरूरवर गेले. कोकणच्या किनाऱ्याला गलबतांचे वावडे कधीच नव्हते.

माधोसिंहांचा पिंड मात्र वेगळा. इसरद्याच्या ठाकूर घराण्यातून दत्तक येऊन १८८० साली ते गादीवर बसले. राधा-गोपालजींवर त्यांची निष्ठा, आणि गंगेवरील भक्ती तर सर्वश्रुत. पिण्यास गंगेचे पाणी हा त्यांचा नेम होता. हा नेम राजेरजवाड्यांत अपूर्व नव्हता. अकबर बादशहा घरी असो की स्वारीवर, गंगेचेच पाणी पीत असे, असे ऐन-इ-अकबरी सांगते. माधोसिंहांनी या नेमासाठी जयपूरच्या कारागिरांकडून हे रांजण विलायतेच्या निमंत्रणापूर्वीच, १८९४ ते १८९६ या काळात, घडवून घेतले होते. राज्याचे झाडशाही रुपये हजारोंनी वितळवून त्यांची चांदी यात ओतली गेली.

हा नेम सांभाळून लंडनला जावयाचे कसे, हा प्रश्न दरबारापुढे पडला. पंडितांशी विचारविनिमय झाला आणि त्यातून जे उत्तर निघाले ते मोठे चतुर होते. महाराजांनी म्लेंच्छांच्या बोटीवर चढू नये. बोटीनेच महाराजांच्या घरासारखे व्हावे. आणि महाराजांनी एकट्याने जाऊ नये. आराध्यदैवतास पुढे घालून त्याच्या मागून, त्याचा सेवक म्हणून जावे. देवाच्या यात्रेत भक्ताला दोष कोठून लागणार ?

येथे 'ऑलिंपिया' या कथेत प्रवेश करते. ती अँकर लाइन या कंपनीची नवीकोरी आगबोट होती, आणि तिचे नवेपण हाच तिचा सर्वांत मोठा गुण ठरला. इतर प्रवासी ज्या गुणांसाठी बोटीवर लुब्ध होतात, म्हणजे तिचा वेग, तिची दालने, तिची मेजवानी, त्यांपैकी कशाचाही येथे संबंध नव्हता. जिच्या मुदपाकखान्यात गोमांस कधी शिजले नाही अशी बोट हवी होती. आणि जी अद्याप कोणाचीच झाली नव्हती तीच अशी असू शकत होती. महाराजांनी सबंध बोट आपल्यापुरती भाड्याने घेतली आणि तिचा अंतर्भाग जयपूरच्या रीतीप्रमाणे नव्याने लावून घेतला. एक दालन गोपालजींचे देवघर झाले. स्वयंपाकघरे एक नव्हे, सहा सिद्ध झाली, कारण देवाचा नैवेद्य, महाराजांचे ताट, ब्राह्मणांचे सोवळे आणि इतर मंडळींचे भोजन ही एका चुलीवर होणारी कामे नव्हेत. एखाद्या वाड्याची वास्तुशांत करावी तसे त्या लोखंडी जहाजाला घरपण देण्यात आले.

मे १९०२ मध्ये मुंबईच्या बंदरातून ही बोट निघाली. बरोबर सरदार, पंडित, पुजारी, आचारी, वैद्य, नोकरचाकर मिळून सव्वाशेच्या आसपास माणसे होती. निघण्यापूर्वी महाराजांनी समुद्राची यथासांग पूजा केली आणि सोने, रुपे, मोती त्याला अर्पण केले. आपल्या किनाऱ्यावरचा कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहतो. दर्यापुढे दोघांची भावना एकच.

रांजणांचे महत्त्व अशा प्रवासात केवढे असेल याची कल्पना थोड्या विचाराने येते. बोटीवरील पाणी टाक्यांत साठविलेले, खलाशांच्या हाताळण्यातले. वाटेत एडन, मग तांबडा समुद्र, सुवेझचा कालवा. कोठेही घेतलेले पाणी महाराजांच्या उपयोगाचे नाही. जाण्याचे, राहण्याचे आणि परतण्याचे सर्व दिवस एका माणसाचे पिणे या साठ्यावरच चालावयाचे. इतके दिवस पाणी टिकेल कसे, ही शंका श्रद्धावंताला पडली नसेल. परंतु योगायोग असा की १८९६ सालीच अर्नेस्ट हँकिन या आग्र्याच्या संशोधकाने गंगायमुनांच्या पाण्यात पटकीचे जंतू मारण्याची शक्ती असल्याचे निरीक्षण प्रसिद्ध केले होते.

या प्रवासात रांजण तीन होते आणि तांबड्या समुद्राच्या बाजूस वादळ उठले तेव्हा वरुणाची शांती व्हावी म्हणून एक समुद्रात सोडण्यात आला, अशी कथा जयपुरात सांगतात. आज दोनच दिसतात, त्यांना ही कथा शोभून दिसते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, प्रवाशांच्या मनातील धाकधूक तिच्यात नेमकी उतरली आहे.

मार्सेल्सला उतरून रेल्वेने फ्रान्स ओलांडून मंडळी लंडनला पोहोचली. लंडनच्या लोकांनी तेव्हा पाहिलेले दृश्य असे : मिरवणुकीत पुढे गोपालजींची मूर्ती आणि मागून राजा. कॅम्डन हिलवरील मोरे लॉज या वास्तूत मुक्काम पडला. २६ जूनचा मुहूर्त ठरलेला होता. परंतु दोनच दिवस आधी बादशहावर पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली आणि समारंभ ९ ऑगस्टवर गेला. गंगाजळाचा हिशेब सहा आठवड्यांनी वाढला. तथापि नेम मोडला नाही, आणि महाराज परत आले ते जसे गेले तसेच.

या साऱ्या खटाटोपाला हसणे सोपे आहे. लक्षावधी रुपये खर्चून एका माणसाने आपले ताट आणि आपला तांब्या जगाच्या पाठीवरून सोवळ्यात फिरवून आणला, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. राजपुतान्यात छप्पनिया म्हणून आजही ज्याची आठवण काढतात तो संवत १९५६ चा भीषण दुष्काळ संपून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. परंतु न्याय करावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की त्याच दुष्काळाच्या वेळी, १९०० साली, पंधरा लाख रुपयांची देणगी देऊन इंडियन पीपल्स फॅमिन ट्रस्ट हा अखिल हिंदुस्थानासाठी कायमचा निधी ज्याने उभा केला तो राजाही हाच. माधोसिंहांच्या ठायी आचार आणि औदार्य ही एकाच मुळाची दोन पाने होती.

मराठी माणसाला या प्रसंगाचे कौतुक वाटावे ते आणखी एका कारणाने. समुद्रापलीकडे जाऊन आचार कसा राखावा हा प्रश्न महाराष्ट्राने शंभर-सव्वाशे वर्षे आधीच अनुभवला होता. राघोबादादांनी आपले वकील म्हणून हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला विलायतेस धाडले, तेव्हा १७८१ साली एडमंड बर्क या थोर वक्त्याने त्या मंडळींची कुचंबणा जाणून आपल्या बागेतील काचघर त्यांना स्वयंपाकाला आणि पूजेला मोकळे करून दिले. जयपूरच्या राजाने बोट विकत घेतल्यासारखी घेतली. हणमंतरावाला परक्याच्या सौजन्याने चार भिंती मिळाल्या. पुढे १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीने अमेरिकेस निघाल्या. त्यांच्यापाशी पुजारी नव्हता, आचारी नव्हता, रुप्याचा रांजण तर नव्हताच. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा श्रीरामपूरच्या सभेत जाहीर केलेला निर्धार एवढीच त्यांची शिदोरी. अठरा वर्षांच्या त्या मुलीने तो निर्धार खरा केला. नेम सांभाळावयाला बोट लागतेच असे नाही, हे तिने माधोसिंहांच्या आधी एकोणीस वर्षे दाखवून दिले होते.

आणि १९०२ च्या त्याच समारंभाला कोल्हापूरचे शाहू छत्रपतीही गेले होते. निघण्यापूर्वी वेदोक्ताच्या वादात त्यांनी राजोपाध्यांचे वतन जप्त केले होते. धर्माच्या नावाने चाललेला अधिकार त्यांना राजवाड्यातच छळीत होता. समारंभ लांबणीवर पडल्यामुळे सर्वच संस्थानिकांना विलायतेत अधिक दिवस काढावे लागले. त्याच दिवसांत, २६ जुलै १९०२ रोजी, कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना राखून ठेवण्याचा शाहूंचा हुकूम निघाला. एकाच उन्हाळ्यात, एकाच शहरी, दोन हिंदू राजे होते. एकाने जुने जग जसेच्या तसे समुद्रापार नेले आणि अबाधित परत आणले. दुसऱ्याने परदेशी असतानाच आपल्या घरचे जुने जग बदलावयास घेतले. इतिहासाने कोणाचे पारडे जड ठरविले हे सांगावयास नको. परंतु पहिल्याला केवळ वेडा ठरविणेही बरोबर होणार नाही. सत्तेपुढे मान तुकवावी लागत असताना, निदान आपण काय खावे, काय प्यावे आणि कोणाच्या मागून चालावे हे तरी आपणच ठरवू, हा त्या राजाचा आग्रह होता. बादशहाने बोलाविले म्हणून तो गेला खरा, पण लंडनच्या रस्त्यातून चालला तो गोपालजींच्या मागून.

ती गंगाभक्ती केवळ घरातल्या घरात राहिली नाही, हेही नमूद केले पाहिजे. हरिद्वारला सरकारने बांधलेल्या बंधाऱ्यामुळे गंगेचा प्रवाह अडेल म्हणून लोक क्षुब्ध झाले, तेव्हा डिसेंबर १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय आणि सरकारी अधिकारी यांच्या परिषदेत जे संस्थानिक बसले त्यांत माधोसिंह होते. हरकी पैडीपाशी गंगेची धार अखंड राहील, असे सरकारला तेथे मान्य करावे लागले. रांजणातील पाण्याचा नेम अखेर नदीच्या पाण्याचा कैवार घेण्यापर्यंत पोहोचला.

१९२२ साली माधोसिंह निवर्तले. त्यांचे दत्तक पुत्र मानसिंह यांचा पोलो संघ १९३३ साली विलायतेतील मोठमोठे सामने जिंकून आला. पुढे १९६५ साली ते स्पेनमध्ये भारताचे राजदूत झाले, आणि १९७० साली इंग्लंडमध्येच पोलो खेळता खेळता त्यांचा अंत झाला. पित्याला जो समुद्र ओलांडण्यासाठी सबंध बोट शुद्ध करून घ्यावी लागली, तो पुत्राच्या लेखी नित्याचा रस्ता होऊन गेला. सिंधुबंदी कोणी फर्मान काढून उठविली नाही. ती अशी पिढीच्या पालटाबरोबर विरून गेली.

'ऑलिंपिया' आगबोटीचे नाव आज घेतले जाते ते याच एका प्रवासामुळे. एरवी तिच्यासारख्या बोटी त्या काळी पुष्कळ होत्या. कोळसा जाळीत, माल आणि माणसे वाहून नेत त्या आल्या आणि गेल्या. पण एका राजाने तिला घर मानले, तिच्यात देव बसविला, तिच्या तळाशी गंगा ठेवली, आणि काही आठवड्यांपुरती ती जयपूर शहराची तरती पेठ झाली. सर्वतोभद्राच्या मंडपातील ते दोन रांजण आता रिते आहेत. त्यांच्या गुळगुळीत रुप्यावर येणाराजाणारा आपला चेहरा पाहून घेतो आणि पुढच्या दालनाकडे वळतो.