ठिपका कोणाचा?

१९४२ सालच्या १४ नोव्हेंबरची मध्यरात्र. पॅसिफिक महासागरातील ग्वाडलकनाल बेटाजवळ ‘वॉशिंग्टन’ ही अमेरिकी युद्धनौका अंधारात पुढे सरकत होती. रडारच्या पडद्यावर एका मोठ्या जहाजाचा ठिपका स्पष्ट होता आणि १६ इंची तोफांचा नेमही त्यावर धरलेला होता. तरीही रिअर ॲडमिरल विलिस ली यांनी गोळीबाराची आज्ञा दिली नाही. काही मिनिटांपूर्वी त्यांची दुसरी युद्धनौका ‘साउथ डकोटा’ दृष्टीआड झाली होती. वीजपुरवठ्यात बिघाड होऊन तिचे रडार आणि रेडिओ मुके झाले होते. शिवाय ‘वॉशिंग्टन’चा रडार अँटेना मनोऱ्याच्या पुढल्या बाजूस असल्याने तिला मागचा भाग दिसत नसे. मग समोरचा ठिपका शत्रूचा, की आपल्याच जहाजाचा?

हे रडार त्या काळी अगदी नवे होते. जुन्या रडारची तरंगलांबी सुमारे दीड मीटर असे. त्याचा झोत रुंद पसरे आणि बेटांच्या प्रतिध्वनीत जहाजे हरवून जात. झोत अरुंद करायचा तर तरंगलांबी कमी हवी. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात १८९५ च्या सुमारास काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या होत्या, हे विज्ञानाच्या वाचकांना ठाऊक असेलच. अडचण होती ती शक्तीची. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला, तेव्हा सुमारे १० सेंटिमीटरच्या लहरी प्रबळ रूपात हाती आल्या. त्याच वर्षी ते उपकरण अमेरिकेत पोहोचले आणि त्यातून ‘एसजी’ रडार घडले. आपले जहाज मध्यभागी आणि भोवतालचा परिसर नकाशासारखा, असा त्याचा गोल पडदा होता.

पण उपकरण जहाजावर असणे वेगळे आणि त्याने दाखवलेले सेनापतीच्या मनात उतरणे वेगळे. दोनच रात्रींपूर्वी याच पाण्यात ‘हेलेना’च्या एसजी रडारला जपानी ताफा सुमारे २५ किलोमीटरवरून दिसला होता. सेनापती कॅलहन मात्र ‘सॅन फ्रान्सिस्को’वर होते आणि तिच्यावर हे रडार नव्हते. ज्या रेडिओवरून आज्ञा द्यायच्या, त्याच रेडिओवरून त्यांना शत्रूचे अंतर आणि दिशा विचाराव्या लागत होत्या. निर्णय होईपर्यंत दोन्ही ताफे एकमेकांत घुसले. त्या लढाईत कॅलहन मारले गेले. दुसरे ॲडमिरल स्कॉट यांचाही अंत झाला.

ली यांची गोष्ट निराळी होती. चष्मा लावणाऱ्या या गृहस्थांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत सात पदके मिळवली होती, त्यांतील पाच सुवर्ण. रडारचा त्यांनी मनापासून अभ्यास केला होता, म्हणून त्याच्या उणिवाही त्यांना ठाऊक होत्या. माझ्या मते त्या रात्रीचे त्यांचे खरे कर्तृत्व ही काही मिनिटांची प्रतीक्षा होय.

उत्तर शत्रूनेच दिले. जळत्या विनाशिकांच्या उजेडात सापडलेल्या ‘साउथ डकोटा’वर जपानी जहाजांनी प्रखर दिवे रोखून मारा सुरू केला. ठिपका परका ठरला. सुमारे पावणेआठ किलोमीटरवरून ‘वॉशिंग्टन’ने ‘किरिशिमा’वर तोफा डागल्या. मुख्य तोफांतून ७५ गोळे सुटले. त्यांतील किमान नऊ लागले. पहाटे साडेतीनच्या सुमारास ‘किरिशिमा’ उलटून बुडाली. अमेरिकेच्याही तीन विनाशिका गेल्या.

दोन आठवड्यांनी, ३० नोव्हेंबरला, त्याच बेटाजवळच्या तासाफारोंगा येथे रडारने जपानी विनाशिका पुन्हा आधी टिपल्या. अमेरिकी तोफांचा मारा मुख्यतः सर्वांत जवळच्या ‘ताकानामी’वर एकवटला आणि ती बुडाली. तोवर इतरांनी ऑक्सिजनवर चालणारे, पाण्यावर जवळजवळ माग न सोडणारे टॉर्पेडो सोडले होते. चार अमेरिकी क्रूझरना ते लागले. त्यांतील ‘नॉर्थॅम्प्टन’ बुडाली.