नातवाची यादी

परवा डेन्व्हरहून नातवाचा फोन आला. येत्या ऑक्टोबरात तो पहिल्यांदाच शिकारीला जाणार आहे. तीही एल्कच्या! ऑफिसातला एक अमेरिकन मित्र सोबत नेणार आहे म्हणे. हे ऐकून सौभाग्यवतींनी फोन माझ्या हातात ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यांच्या माहेरी वारी, गळ्यात माळ. त्यानंतर दोन रविवार झाले, नातवाशी बोलणे नाही.

मी रागावलो नाही, पण "कशाला रे बाबा?" एवढे विचारलेच. त्याने उत्तर दिले नाही, तयारीची यादीच मेलने पाठवून दिली. छत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. कागद हातात आला की तो असा का लिहिला गेला हे पाहायची खोड जात नाही. यादी घेऊन बसलो, जोडीला थोडे वाचनही केले.

आधी एल्क म्हणजे काय ते सांगतो, कारण माझाही घोटाळा झाला होता. युरोपात ज्याला एल्क म्हणतात ते वेगळेच जनावर, अमेरिकेतले मूस. इंग्रज वसाहतवाल्यांनी तिकडे हे थोराड हरीण पाहिले आणि माहितीतले नाव त्याला चिकटवून टाकले. शॉनी लोकांचा शब्द 'वापिटी', म्हणजे पांढऱ्या ढुंगणाचे. हा शब्द जास्त खरा! नर सहज तीनशे किलोंचा. आपल्या काश्मिरातला हंगुल याचाच भाऊबंद.

गोरे येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत सुमारे १ कोटी एल्क असावेत असा अंदाज करतात. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांतले १ लाखही उरले नव्हते. पूर्वेकडची जात तर एकोणिसाव्या शतकातच नामशेष झाली. कुरणे नांगराखाली गेली, गुरे आली, रेल्वे आली आणि मांस-कातडी शहरात विकणारे धंदेवाईक शिकारी आले. पण मला सर्वांत चटका लावून गेली ती दातांची गोष्ट. एल्कच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन सुळे असतात, फक्त दोन. न्यूयॉर्कमध्ये १८६८ साली 'एल्क्स' नावाची एक बंधुसभा निघाली. तिचे सभासद घड्याळाच्या साखळीला हा सुळा लटकवू लागले. मागणी वाढली. मग चोरटे शिकारी एल्क मारत, दोन सुळे उपटत आणि बाकीचे धूड तिथेच सडायला टाकून देत. पुढे त्या सभेनेच ही चाल सोडली, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

आता यादीकडे येतो. 'मांसासाठी जाड कापडी पिशव्या ५, बर्फाची पेटी, पाठीवरची मोठी पिशवी.' मला वाटले, हा हौसेचा भाग. तर नाही! कोलोरॅडोत खाण्याजोगे मांस रानात वाया घालवणे हा गुन्हा आहे आणि ते विकणेही. म्हणजे नऊ-दहा हजार फुटांवरून जनावर तुकड्यातुकड्याने पाठीवर वाहून आणायचे, चार-पाच खेपा घालून. त्या पिशव्यांच्या मागे मला ते सुळे उपटलेले सांगाडे दिसू लागले.

'शिकार प्रशिक्षणाचा दाखला.' १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला सक्तीचा. म्हणजे मी गेलो तर मलाही परीक्षा! 'परवान्यासाठी अर्ज, एप्रिलच्या सुरुवातीला.' मग म्हाडाच्या घरांसारखी सोडत. कुठल्या भागात किती नर, किती माद्या मारायच्या हे सरकार ठरवते. नातवाला मादीचा परवाना लागला आहे. हे मी घरात अजून सांगितलेले नाही.

परवान्याचे पैसे वन्यजीव खात्याला जातात. शिवाय शिकारीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर जो ११ टक्के कर आहे, तोही १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे याच कामी येतो. त्याआधी १९००चा लेसी कायदा: चोरून मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्यात विकायला बंदी. असल्या कायद्यांसाठी धडपडणाऱ्यांत थिओडोर रूझवेल्टसारखे पट्टीचे शिकारीच पुढे होते. पचायला जड जाते, पण तसे आहे खरे. यलोस्टोनमध्ये १८८६ पासून लष्कराचा पहारा होता म्हणून तिथे बीज टिकले. तिथूनच १९१३ मध्ये कोलोरॅडोच्या एस्टेस पार्क भागात एल्क आणून सोडावे लागले. आज अमेरिका खंडात सुमारे १० लाख एल्क आहेत आणि सर्वांत जास्त कोलोरॅडोत.

वायोमिंगमधल्या जॅक्सन होलचे हिवाळेही सांगितले पाहिजेत. १९०८ ते १९११च्या सुमारास तिथे हजारो एल्क उपाशी मेले. त्यांच्या हिवाळी कुरणांवर माणसांनी शेती केली होती. गावकऱ्यांनी गुरांची वैरण त्यांना घातली. स्टीफन लीक नावाच्या एका शेतकऱ्याने मेलेल्या कळपांचे फोटो काढून देशभर दाखवले आणि १९१२ मध्ये तिथे एल्कसाठी राखीव रान झाले.

एक गोष्ट मात्र यादीत नाही. १८६८च्या तहात बॅनक लोकांना शिकारीचा हक्क लिहून दिला होता. रेस हॉर्स नावाच्या बॅनक माणसाने वायोमिंगमध्ये एल्क मारले, त्याला पकडले, आणि १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, राज्याचा कायदा तहापेक्षा मोठा. सुळ्यांसाठी कळप कापणारे राहिले बाजूला! क्रो लोकांचाही त्याच वर्षीचा तसाच तह. त्यांच्या बायकांच्या पोशाखावर एल्कचे सुळे टाकलेले असत, पिढ्यान्‌पिढ्या जमवलेले. त्यांनी कळप संपवले नाहीत. २०१४ मध्ये क्लेव्हिन हेरेरा हा क्रो माणूस एल्कच्या मागे वायोमिंगच्या हद्दीत गेला, त्याच्यावर खटला झाला आणि २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने १८९६चा आधार मोडीत काढला. एकशे तेवीस वर्षे लागली. नातवाला हे मी कळवले आहे. त्याला ठाऊक नव्हते.

असो. रात्री जेवताना ही सगळी कथा सौ.ना सांगितली. आमच्या कोकणातल्या गावी १९७२च्या कायद्याआधी पारध होई, ठासणीच्या बंदुकी, हाकारे, आणि शेवटी घरोघर पोचणारे वाटे, तेही बोललो. त्या काही बोलल्या नाहीत. ताटे उचलताना एवढेच विचारले, "त्या दोन दातांचं काय करणार आहे तो?"

मी म्हटले, ते तूच विचार. रविवारी फोन त्यांच्याच हातात देणार आहे.