मुलूखमैदान आणि परांड्याचें गवत

आमचा एक भाचा पुण्यास एका सॉफ्टवेअरच्या कचेरींत नोकरीस आहे. गेल्या दिवाळींत तो धाराशिवास आमच्याकडे आला, तो आपला संगणक बरोबर घेऊनच. दिवसा फराळ आणि गप्पागोष्टी, व रात्रीं घरांत निजानीज झाली कीं दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत त्याच्या लढाया सुरू होत. ज्या खेळाचा त्याला नाद आहे त्याचें नांव 'एज ऑफ एम्पायर्स'. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं तरुण मुलें आहेत त्यांस तो समजावून सांगण्याचें कारण नाहीं. इतरांसाठीं दोन शब्द पुरेत. खेळणाऱ्याच्या हातीं प्रथम तीनचार गांवकरी येतात. त्यांच्याकडून अन्न, लांकूड, सोनें व दगड यांचा सांठा करवावयाचा, त्या सांठ्यावर सैन्य उभारावयाचें, आणि चार युगांपैकीं शेवटच्या युगांत पोंचून रसायनविद्या हस्तगत केली कीं मोठी तोफ बनविण्याचा अधिकार मिळतो. तोफेची किंमत सव्वादोनशें लांकूड व सव्वादोनशें सोनें. तेवढें मोजलें कीं तोफ कारखान्यांतून आपोआप बाहेर पडते आणि बोट दाखवाल तिकडे चालूं लागते. खोटें कशाला बोला, तिसऱ्या रात्रीं आम्हींही एक राज्य मांडून पाहिलें, आणि पाऊण तासांत घालविलें.

खेळतां खेळतां भाचा आपलीं मतें मोकळेपणानें सांगत असे. "मामा, इतिहास म्हणजे शेवटीं तंत्रज्ञान," तो म्हणाला. "ज्याची तोफ मोठी त्याचें राज्य. तुमच्या परांड्यांत मुलूखमैदानासारखी तोफ होती आणि तरी निजामशाही बुडाली, म्हणजे खेळणाराच कच्चा!" निजामशाहीच्या अखेरीचा इतका थोडक्यांत निकाल आम्हीं आजवर ऐकला नव्हता. तीस वर्षें इतिहास शिकवूनही आम्हांस तेथल्या तेथें उत्तर सुचलें नाहीं, ही गोष्ट मात्र मनास लागून राहिली. दुसऱ्या दिवशीं भाच्याला घेऊन आम्ही परांड्यास गेलों.

परांड्याचा किल्ला भुईकोट. डोंगराचा आधार नाहीं, म्हणून बांधणाऱ्यानें खंदक आणि दुहेरी तट यांवर सगळा भार टाकलेला. बहामनी वजीर महमूद गवान याच्याकडे त्याच्या बांधणीचें श्रेय देतात. १६०० सालीं अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) मोंगलांनीं घेतल्यावर मलिक अंबरानें दुसऱ्या मुर्तजास गादीवर बसविलें, तेव्हां कांहीं काळ याच गांवीं निजामशाहीची राजधानी होती. आज बुरुजांवर मोठाल्या तोफा अजून आहेत, आणि लोखंडी व दगडी गोळ्यांचा ढीगही आहे. भाच्यानें एकेका तोफेवर हात फिरविला, मोबाइलवर तिचीं मापें टिपलीं, आणि 'ती मोठी' कोठें होती असें विचारलें. ती येथें नाहीं. ती जाऊन चारशें वर्षें होत आलीं. आणि तिच्या त्या जाण्याचीच हकीकत आम्हांस त्याला सांगावयाची होती.

मुलूखमैदान, अथवा फारशी जाणणारे म्हणतात तसें मलिक-इ-मैदान, हें नांव महाराष्ट्रांत ज्यांनीं तोफ कधीं पाहिली नाहीं त्यांसही ठाऊक आहे. कारण खणखणीत वक्त्याला आपण मुलूखमैदान तोफ म्हणतों. ही तोफ १५४९ सालीं अहमदनगरास बुऱ्हाण निजामशहाच्या अमलांत महंमद रूमी नांवाच्या तुर्की कारागिरानें ओतली. लांबी सुमारें साडेचौदा फूट, तोंडाचा घेर असा कीं एखादा मनुष्य आंत बसावा, आणि त्या तोंडाशीं हत्तीला गिळणाऱ्या सिंहासारख्या प्राण्याचा आकार कोरलेला. धातु तांबें आणि कथील यांचा, म्हणजे घंटेला वापरतात तसा. वजन सुमारें ५५ टन सांगतात. आपल्या जुन्या पक्क्या मापानें तें पंधराशें मण भरेल. अहमदनगराहून ती परांड्यास आली. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईंत ती होती अशीही परंपरा आहे. परंतु पंधराशें मणांची वस्तु कृष्णाकांठापर्यंत नेली आणि परत आणली, यावर विश्वास ठेवावयास आमचें मन तयार होत नाहीं. याचें कारण पुढच्या हकीकतींतच आहे.

१६३२ सालीं, परांडा आदिलशहाच्या हातीं आला असतां, त्याचा कारभारी मुरार जगदेव यानें ही तोफ विजापुरास नेली. परांडा ते विजापूर हें अंतर सरळ रेषेंत मोजलें तरी पन्नास कोस. वाटेंत भीमा आडवी. तोफेस दहा हत्ती, चारशें बैल व शेंकडों माणसें लागलीं असें सांगतात. हिच्या जोडीची 'कडक बिजली' नांवाची दुसरी तोफ वाटेंत नदींत बुडाली अशीही कथा आहे. कथा खरी असो वा नसो, ती ज्यांनीं रचिली त्यांना ओझें म्हणजे काय हें कळत होतें.

आतां येथें थोडें गणित करूं. भाच्याला गणित आवडतें, म्हणून आम्हीं तें बुरुजावरच बसून केलें. एका बैलास दिवसाकांठीं दहा शेर वैरण धरली, तर चारशें बैलांस शंभर मण. हत्तीस चार मण धरले, तर दहा हत्तींस चाळीस. तोफ रोज दोन कोस सरकली असें मानूं. हें फार उदारपणें मानलेलें आहे, कारण नदी, ओढे, काळी जमीन, तुटलेले दोर यांचे दिवस त्यांत धरलेले नाहींत. पन्नास कोसांस पंचवीस दिवस. रोजचे १४० मण, म्हणजे एकूण साडेतीन हजार मण वैरण. तोफेच्या वजनाच्या दुपटीहून अधिक! आणि ही वैरण बरोबर नेतां येत नाहीं, कारण ती नेण्यास आणखी बैल लागतात, व त्यांसही खावयास लागतें. ती वाटेवरच्या गांवांच्या गंजींतूनच यावयाची.

आणि वर्ष कोणतें? १६३० ते १६३२ या वर्षांत गुजराथ, खानदेश व दख्खन यांवर जो दुष्काळ पडला, त्याच्यासारखे दुष्काळ फार थोडे झाले. तुकोबांची पहिली बायको अन्नावांचून गेली ती याच दुष्काळांत. माणसांना दाणा नव्हता तेथें गुरांना कडबा कोठून असणार? तोफेवर घडविणाऱ्याचें नांव कोरलेलें आहे. पुढें विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानेंही आपल्या विजयाचा लेख तीवर कोरविला. ज्या गांवांच्या गंजी त्या वाटेवर रिकाम्या झाल्या त्यांचीं नांवें तोफेवर नाहींत.

मुरार जगदेव हा या बाबतींत मोठा मौजेचा पुरुष. त्याच मुरारानें पुढच्याच वर्षीं, १६३३ त, भीमा व इंद्रायणी यांच्या संगमावर सूर्यग्रहणाच्या पर्वणीस हत्तीची तुला केली. त्यावरून त्या गांवास तुळापूर नांव पडलें. हत्ती कोणत्या तराजूंत घालणार असा पेंच पडला, तेव्हां शहाजीराजांनीं हत्ती नावेंत चढवून पाण्याची रेघ खुणेस धरली, व मग हत्ती उतरवून तीच रेघ येईपर्यंत दगड भरविले, असें सांगतात. भाचा ही युक्ति ऐकून खूष झाला. आमच्या मनांत मात्र असें आलें, कीं ज्यानें आदल्या वर्षीं पंधराशें मण ओझें भीमापार नेलें त्याला हत्तीचें वजन ही काय मोठीशी अडचण!

"पण मामा, एवढे कष्ट करून नेली म्हणजे उपयोग असणारच." हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर परांड्याच्या तटावर उभें राहूनच द्यावयास हवें. १६३१ सालीं शहाजहानच्या आझमखानानें या किल्ल्यास वेढा घातला, तेव्हां तोफ येथेंच होती. वेढा उठला, परंतु तोफेच्या भयानें नव्हे, तर आसमंतांत घोड्यांना गवत मिळेना म्हणून. १६३४ त शहाजादा शुजा आणि महाबतखान पुनः आले. या वेळीं तोफ विजापुरास गेलेली. तरीही किल्ला पडला नाहीं. मोंगल सरदारांत आपसांत फुटाफूट होती, पावसाळा तोंडावर आलेला, आणि गवत व जळण आणावयास कोसच्या कोस लांब जावें लागे. तीं आणणाऱ्या टोळ्यांवर विजापूरचे स्वार तुटून पडत. शेवटीं लष्कर बऱ्हाणपुराकडे परतलें, आणि त्याच सालीं महाबतखान तेथें वारला. तोफ होती तेव्हां किल्ला राहिला, नव्हती तेव्हांही राहिला. उलट विजापुरास ती शेरझा बुरुजावर विराजमान असतां १६८६ सालीं आदिलशाही बुडाली. १८५४ त इंग्रजी अमलांत हीच तोफ लिलावांत दीडशें रुपयांस गेली होती, पण तो व्यवहार पुढें रद्द झाला म्हणून ती आज जागेवर दिसते.

भाच्याच्या खेळांत शिपाई एकदांच जेवतो, तें जन्मतांना. पुढें तो कितीही कोस चालला, कितीही दिवस वेढ्यांत उभा राहिला, तरी त्याला भूक लागत नाहीं. यांत त्या खेळाचा विशेष दोष आहे असें नाहीं. आमच्या बुद्धिबळाच्या पटावरही हत्तीला कोणी चारा घातल्याचें ऐकिवांत नाहीं. प्रशियाच्या लष्करांतील फॉन राइसविट्झ नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें आपल्या बापानें काढलेला युद्धाचा खेळ १८२४ त सुधारून नकाशावर मांडला. त्यांत एक पाळी दोन मिनिटांची धरून, तेवढ्या वेळांत पलटण खरोखर चालेल तितकेंच सोंगटें पुढें सरकवावयाचें असे. लष्करी लोकांनीं तो खेळ उचलला, याचें मुख्य कारण हेंच असावें. मोंगलांच्या मागून धान्याचे बैल हांकणारे लमाण मात्र कोणाच्याच पटावर आलेले आम्हीं पाहिले नाहींत. त्यांचे तांडे तुळजापूर-नळदुर्गाच्या बाजूस आजही आहेत.

नळदुर्गाचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट भाच्याच्या पदरांत घातली पाहिजे. परततांना वांकडी वाट करून आम्हीं त्याला बोरी नदीवरचा पाणीमहाल दाखविला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळचा हा बांध, आणि बांधाच्या पोटांत महाल. नदी अडवून किल्ल्याच्या उशाशीं ठेविलेली. भाचा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं, मग म्हणाला, "हें तंत्रज्ञान नाहीं का?" आम्हीं ताबडतोब हार कबूल केली. किल्ला बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें, असें आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं बजावलें आहे; तेव्हां तंत्रज्ञानाला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नव्हता व नाहीं. फक्त तोफेपेक्षां पाण्याची भिंत त्यांत वरचढ ठरते, एवढें त्याच्या गळीं उतरलें तर बरें, असें वाटलें.

पुण्यास गेल्यावर भाच्यानें रिकाम्या वेळांत स्वतःच एक लहानसा खेळ लिहावयास घेतला. परांड्याहून विजापूरपर्यंतचा नकाशा, वाटेवर गांवें, प्रत्येक गांवांत ठराविक कडबा, आणि चारशें बैल, ज्यांना रोज खावयास लागतें. पहिल्या खेपेस तोफ भीमेच्या अलीकडेच अडकली. दुसऱ्या खेपेस त्यानें बैल वाढविले, तर ती आणखी आधीं अडकली. त्याच्या मित्रांनीं एक संध्याकाळ खेळून, असला खेळ बाजारांत कोणी घेणार नाहीं, असें त्याला सांगितलें. परवां त्याचा फोन आला. "मामा, वाटेंतल्या एखाद्या गांवानें कडबा देणार नाहीं म्हटलें तर काय करायचें? तशी सोय ठेवूं का?" मुराराच्या वेळीं तशी सोय होती असें आम्हांस वाटत नाहीं, असें आम्हीं त्याला कळविलें आहे. खेळ अद्याप पुरा झालेला नाहीं.